रस्त्याकडेचे दगड: फोर्ट ते नाणेघाट, व्हाया बोरघाट

लोक घाटात धबधबे बघायला जातात, आम्ही दगड बघायला गेलो. म्हणजे रस्त्याच्या कडेला पाट्या, मैलाचे दगड, कोनशिला असतात ना, अमुक साली अमुक साहेबांच्या शुभहस्ते वगैरे, ज्यांच्याकडे गाडीतला एकही माणूस कधी मान वळवून बघत नाही, ते. हे खूळ माझं. ड्रायव्हिंग मामांचं, कारण मामा एसटीत ड्रायव्हर होते, परळ डेपोला, आणि रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी माझ्या हातात स्टेअरिंग दिलं की उजवा पाय आपोआप खाली दाबतात. मागच्या सीटवर बायको, तिच्याकडे मॅप आणि खाऊची पिशवी. डिसेंबरची थंडी, लागून आलेली सुट्टी, निघालो.

शुक्रवार: फोर्ट, दादर, माहीम

गाडी काढायच्या आधी मुंबईतलेच दगड बघून घेऊ म्हटलं, कारण जुन्या मुंबईचे मैल जिथून मोजायचे ती जागाच फोर्टात आहे. हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस चर्च, १७१८ सालचं. रस्त्यावरच्या दगडांवर अंतर लिहिलंय ते या चर्चपासूनचं. रोमन आकडा आणि खाली ‘माइल्स फ्रॉम सेंट थॉमस चर्च’ असं इंग्रजीत कोरलेलं. १९व्या शतकाच्या पूर्वार्धातले हे दगड, शहरात १५ असल्याची नोंद आहे, पण बरेच वर्षानुवर्षं कुणाला दिसतच नव्हते कारण रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले, फुटपाथ उंच झाले आणि दगड आपल्या जागी उभ्या उभ्या गाडले गेले. महापालिकेने गेल्या काही वर्षांत त्यातले काही उकरून, साफ करून परत वर आणलेत, चांगलं काम आहे, बोलायलाच हवं.

चर्चपासून दोन मिनिटांवर टाऊन हॉल, एशियाटिक लायब्ररीची बिल्डिंग, जिच्या पायऱ्यांवर अख्खी मुंबई फोटो काढून घेते. आत सर जॉन माल्कमचा पांढऱ्या संगमरवरातला पुतळा आहे, चँट्री नावाच्या इंग्रज शिल्पकाराने केलेला. हा माल्कम १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर होता. त्याचं नाव लक्षात ठेवा, उद्या घाटात लागणार आहे. मामांनी पुतळ्याला खालून वर बघितलं आणि म्हणाले, ‘हा रस्ता बांधणारा दिसत नाही रे, ह्याच्या हाताला कधी माती लागली असेल असं वाटत नाही.’

तिथून दादर. आंबेडकर रोडच्या फुटपाथवरचा दगड शोधायला आम्हाला बराच वेळ लागला कारण त्याच्या पुढ्यात एक अॅक्टिव्हा लावलेली आणि हँडलला भाजीची पिशवी टांगलेली. काळा बेसाल्ट. जवळ बसून बघितलं तर अक्षरांच्या खाचांमध्ये जुन्या पांढऱ्या रंगाचे कण अजून अडकलेले, एका कडेला कुणीतरी कधीतरी चुना पुसलेला बोटाचा पट्टा, आणि खाली दगड जिथे फुटपाथमध्ये शिरतो तिथे नव्या सिमेंटची गोल कड. पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्याने त्या गोलाईसाठी एकेक ब्लॉक हाताने छाटलेला दिसत होता, मशीनने नाही, कारण प्रत्येकाची कड वेगळी. मी फोटो काढतोय बघून बाजूच्या दुकानातला माणूस बाहेर आला, ‘जागा मोजताय काय?’ मुंबईत फुटपाथवर वाकून कोण काही बघायला लागला की लोकांना पहिली शंका हीच येते. सांगितलं त्याला, तर तो म्हणाला मी रोज ह्याच्यावर पाय ठेवून बुटाची लेस बांधतो, मला काय माहिती. पण मग स्वतःच अॅक्टिव्हा सरकवून दिली.

संध्याकाळी माहीम कॉजवे. हा माझा आवडता रस्ता, ट्रॅफिक सोडून. माहीम आणि वांद्र्याच्या मधे आधी खाडी, होडीने जायचं, होड्या उलटून माणसं जायची. कंपनी सरकार बांधायला पैसे काढेना, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ साली रस्ता खुला झाला. पण अट घातली की या रस्त्यावरून जाणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही. १८४५ साली! मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल माफ व्हायला ऑक्टोबर २०२४ उजाडलं. एल. जे. रोड, एल. जे. रोड म्हणून आपण जो म्हणतो त्यातल्या लेडी जमशेटजी म्हणजे ह्याच बाई. बायको म्हणाली हिचं नाव असलेल्या रस्त्यावर आपण आयुष्यातले किती तास सिग्नलला घालवलेत, एकदा नमस्कार तरी करू, आणि खरंच केला, मागून हॉर्न वाजायला लागले.

सायनचा बांध त्याच्याही आधीचा, गव्हर्नर डंकनच्या काळातला, १७९८ला सुरू झाला. तो दुसऱ्या दिवशी जाता जाता बघितला म्हणजे फक्त त्याच्यावरून गेलो, बघण्यासारखं आता फ्लायओव्हरखाली काही उरलेलं नाही.

शनिवार: खोपोली, बोरघाट, वडगाव, जुन्नर

सकाळी साडेपाचला निघालो. वाशी, पनवेल, पळस्पे फाट्यावर मिसळ आणि कोथिंबीर वडी, तिथून एक्सप्रेसवे न घेता जुना हायवे. मामांना एक्सप्रेसवे आवडत नाही, त्यांचं म्हणणं त्या रस्त्यावर गाडी चालवावी लागत नाही, नुसती धरून बसावी लागते. चौक, खालापूर, खोपोली. खोपोलीत वीरेश्वराचं देऊळ आणि तळं, दोन्ही नाना फडणवीसांनी बांधलेलं. घाट चढायच्या आधी पाणी आणि विसावा. तळ्याच्या काठावर उभं राहिलं की समोर सह्याद्रीची भिंत आणि डोंगरावरून खाली आलेले टाटांच्या वीजकेंद्राचे जाड पाइप. १९१५पासून इथली वीज मुंबईच्या गिरण्यांना जायची, म्हणजे आमचं परळ-लालबाग या डोंगरातल्या पाण्यावर चालायचं, हे मामांना माहीत नव्हतं, त्यांचे वडील गिरणीतच होते, तर ते थोडा वेळ त्या पाइपांकडे बघत राहिले आणि मग म्हणाले चला, ऊन चढतंय.

आता घाट. आधी इथून बैलांचे तांडे, पालख्या, घोडी जायची. चाकाची गाडी चढवणं म्हणजे दिव्य. १७७८च्या अखेरीला इंग्रजांनी पुण्यावर चाल करताना तोफा याच घाटातून ओढून वर नेल्या, त्याचं पुढे काय झालं ते खाली वडगावला सांगतो. नीट गाडीरस्ता झाला तो १८३०ला. कॅप्टन ह्यूज नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, आणि १० नोव्हेंबर १८३०ला गव्हर्नर माल्कम आपल्या मित्रमंडळींना घेऊन घोडागाड्यांतून घाट उतरला, झालं उद्घाटन. गंमत म्हणजे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की रस्ता तेव्हा पुरता झालेला नव्हता, पण गाड्या उतरतील इतपत झाला होता. कोकण आणि देशाच्या मधली भिंत या रस्त्याने पडली असंही तो त्यात म्हणतो. आणि महिन्याभराच्या आत, डिसेंबरात, गव्हर्नरकी सोडून विलायतेला गेला. आता जोडा तुम्हीच दोन आणि दोन. कार्यकाळ संपत आला की अर्ध्या रस्त्याची फीत कापायची, ही पद्धत काय आपल्या लोकांनी काढलेली नाही. आपला समृद्धीसुद्धा असाच हप्त्याहप्त्याने उघडला, नागपूर-शिर्डी ११ डिसेंबर २०२२ला आणि शेवटचा इगतपुरी-आमणे तुकडा ५ जून २०२५ला, मधल्या तुकड्यांचे कार्यक्रम वेगळे. फक्त माल्कमसाहेब उद्घाटनाला स्वतः गाडीत बसून घाट उतरला, हे मात्र त्याला द्यावं लागेल, त्या रस्त्यावर कठडे किती होते देव जाणे.

खोपोली सोडून वळणं सुरू झाली की थोड्या वेळात शिंग्रोबाचं देऊळ लागतं. मामांनी इंडिकेटर न बघता सवयीनेच गाडी डावीकडे घेतली. छोटंसं देऊळ, शेंदूर, घंटा, समोर ट्रक उभे. गोष्ट अशी सांगतात की साहेबाच्या इंजिनियरांना या डोंगरातून वाट काही सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपली मेंढरं ज्या वाटेने न्यायचा ती दाखवली. कुणी म्हणतं रस्त्यासाठी, कुणी म्हणतं रेल्वेसाठी. साहेब खुश, विचारलं बक्षीस काय हवं, तर हा म्हणाला माझ्या देशाला स्वातंत्र्य द्या, आणि त्याला गोळी घातली. कागदावर याचा पुरावा मागू नका, लोककथा आहे. पण दीडशे-दोनशे वर्षं घाटातला ड्रायव्हर इथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाही हा पुरावा मी डोळ्याने बघितला. आमच्या पुढ्यात एक चौदा चाकी आला, थांबला नाही, नुसता स्लो केला, क्लीनरने खिडकीतून हात काढून नाणं बरोब्बर देवळाच्या पायरीवर टाकलं, परत गिअर, गेला. मामा म्हणाले आमच्यावेळी कंडक्टर उतरायचा, पॅसेंजरकडून चार-आठ आणे गोळा करायचा, नारळ फोडायचा आणि मगच डबल बेल. ‘आणि मामा, घाई असली तर?’ ‘अरे घाई असलेल्यानेच टाकायचं असतं.’

उतरताना ज्या गिअरने चढतो त्याच गिअरने उतरायचं, न्यूट्रल मारायची नाही, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, लायनर जळतात, हे लेक्चर पुढच्या तीन वळणांत झालं. आम्ही चढत होतो तरीसुद्धा.

वर जुना हायवे आणि एक्सप्रेसवे एकमेकांत मिसळतात तिथे अमृतांजन पूल होता. होता. बामाच्या मोठ्या जाहिरातीवरून पडलेलं नाव, आमच्या लहानपणी तो पूल आला म्हणजे खंडाळा आला, पोटात ढवळणं संपलं. त्याचे दगडी खांब एक्सप्रेसवेच्या मधेच यायचे, तिथे रस्ता आक्रसायचा, ट्रॅफिक तुंबायचं, अपघात व्हायचे. शेवटी ५ एप्रिल २०२०ला, लॉकडाऊनमध्ये रस्ता रिकामा आहे ही संधी साधून, सुरुंग लावून पाडला. त्या दिवशी सगळ्या बातम्यांत १९० वर्षांचा पूल, १० नोव्हेंबर १८३० आणि कॅप्टन ह्यूज हेच फिरत होतं. म्हणजे या रस्त्याच्या उद्घाटनाची तारीख ज्या एका बांधकामाला लोकांनी चिकटवून ठेवली होती ते बांधकाम रस्त्यानेच रुंद होण्यासाठी खाल्लं. मला पाडल्याचा राग नाही, खरं सांगतो, तिथे दर शनिवारी दोन दोन तास अडकलेला माणूस राग कसा धरेल. पण ते चिरे बाजूला कुठे रचून, एक साधी पाटी लावून, इथे १८३०ला कोकण आणि देश पहिल्यांदा चाकावर जोडले गेले एवढं लिहायला काय हरकत होती. आम्ही खंडाळ्याच्या बाजूला गाडी लावून चालत जाऊन कडेकडेने काही दिसतं का बघायचा प्रयत्न केला, पण ट्रकचा वारा असा बसतो की बायकोने माझं शर्ट मागून धरून ठेवलं होतं. मिळाली पाटी एक. स्पीड लिमिटची.

लोणावळ्यात थांबलो नाही. चिक्की घेतली, ती थांबण्यात धरत नाहीत.

वडगाव मावळ. १७७८ला घाट चढून आलेल्या त्या इंग्रजी फौजेचा इथे जानेवारी १७७९ला मराठ्यांनी पार धुव्वा उडवला आणि तहावर सही घेतली. त्याच मोहिमेत कार्ल्याजवळ ४ जानेवारीला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट मारला गेला, मराठ्यांनी त्याचं नाव ठेवलं होतं इष्टुर फाकडा. शत्रूला फाकडा म्हणणारी माणसं होती आपली. त्याची समाधी वडगावच्या पोलीस स्टेशनच्या आवारात आहे. दारावरच्या हवालदारांना भीतभीत विचारलं तर म्हणाले, ‘या की, आत या, तक्रार काय आहे?’ म्हटलं तक्रार नाही, समाधी. ‘हा, फाकड्याची, जावा.’ समाधीला ताजं फूल होतं. लोक नवस बोलतात म्हणे. इंग्रज कॅप्टनला पोलीस स्टेशनात फूल, आणि ज्याने रस्ता उघडला तो गव्हर्नर लायब्ररीत धूळ खातोय, फूल वाहायला कुणी जात नाही.

चाकणच्या ट्रॅफिकबद्दल मी काही लिहिणार नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. नारायणगाव, जुन्नर. मुक्काम एका लॉजवर, गरम पाणी सकाळी सहा ते सात असं सांगितलं आणि आलं साडेसातला, कोमट. जेवण मात्र फर्स्टक्लास, मासवडी आणि बाजरीची भाकरी. मालक म्हणाला अंधार पडल्यावर उसाच्या बाजूला जाऊ नका, बिबट्या फिरतो. मामांनी लगेच गाडीच्या काचा परत एकदा चेक केल्या, बिबट्या काच खाली करून आत येणार असल्यासारख्या.

रविवार: नाणेघाट आणि माळशेज

जुन्नरहून घाटघर, तिथून नाणेघाटाचा पठार. डांबरी रस्ता अगदी घाटाच्या तोंडापर्यंत जातो. आधी दगडी रांजण दिसतो, गोल, मोठा, काळाभोर, जकातीची नाणी यात टाकायचे असं परंपरेने सांगतात. बायकोने आत वाकून बघितलं, पाणी, पानं आणि एक वेफर्सचं पाकीट. पाकीट काढून तिने पिशवीत टाकलं. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातून आलेला माल बैलांवर लादून या खिंडीतून जुन्नरला आणि पुढे पैठणला. २००० वर्षांपूर्वीचा हा हायवेच.

खिंडीतून दगडी पायऱ्या उतरून थोडं खाली गेलं की डाव्या-उजव्या भिंती अंगावर येतात, वारा असा की टोपी धरावी लागते, आणि मग लेणं. तीन बाजूंना बसायला कट्टे आणि भिंतींवर ब्राह्मी अक्षरं, ओळीच्या ओळी. सातवाहन राणी नागनिकेचा लेख, सातकर्णीची बायको. कुठले कुठले यज्ञ केले, दोनदा अश्वमेध, दक्षिणा किती, गायी, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी, सगळं आकड्यांत. भारतातले फार जुने कोरीव आकडे बघायचे तर इथे. मागच्या भिंतीवर कधीकाळी राजघराण्याच्या मूर्ती होत्या, सिमुक, नागनिका, सातकर्णी, कुमार, एक महारठी. आता मूर्ती नाहीत, फक्त पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं. मी एका नावाजवळ मोबाईलचा टॉर्च तिरका धरला, समोरून धरला तर काहीच दिसत नाही, तिरका धरला की खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून येतं. पण त्याच भिंतीवर कुण्या बदाम काढणाऱ्या प्रेमवीरानेही आपलं नाव कोरलंय, देवनागरीत, ते मात्र टॉर्चशिवाय दिसतं. अशा माणसाला महिनाभर इथे झाडू मारायला लावावा.

१८२८ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हे लेणं बघून जगापुढे आणलं. म्हणजे तिकडे माल्कम मुंबईत गव्हर्नर असतानाच, बोरघाटाचा रस्ता व्हायच्या दोन वर्षं आधी. कट्ट्यावर बसून डोक्यात हेच चाललं होतं. नागनिकेचा लेख टिकला कारण या वाटेवर चाक कधी आलंच नाही, वाहतूक दुसरीकडे गेली, कुणाला ही खिंड रुंद करायची गरज पडली नाही. बोरघाट चालता राहिला म्हणून त्याचं काही उरलं नाही. दादरचा दगड डांबराखाली गेला तोही रस्ता चालता म्हणूनच. चालत्या रस्त्यावर टिकलाय फक्त शिंग्रोबा, आणि त्याला कोरलेली अक्षरं नाहीत, शेंदूर आहे. शेंदूर लावलेल्या दगडाला हात लावायला कुठलाच कंत्राटदार धजत नाही. हे मी मामांना बोलून दाखवलं तर म्हणाले, ‘मग तुझ्या त्या दादरच्याला पण लाव जाऊन.’

परतीला माळशेज. जुन्नरहून मढमार्गे घाटाच्या माथ्यावर आलो. पावसाळ्यात इथे पाय ठेवायला जागा नसते, डिसेंबरात आम्ही, दोन माकडं आणि एक कणीसवाला. खाली वैशाखऱ्याच्या आसपास, जिथून कोकणातून नाणेघाट चढणारे ट्रेकर सुरुवात करतात, मागे वळून बघितलं तर खिंड आणि तिच्या बाजूचा नानाचा अंगठा नावाचा कडा बरोब्बर दिसत होते. मुरबाडच्या अलीकडे एका ठिकाणी रस्त्याचं काम चाललेलं. जेसीबीच्या बाजूला, खडीच्या ढिगावर, उखडलेला किलोमीटरचा दगड आडवा, पिवळा माथा, ‘कल्याण’ वाचता येत होतं, आकडा खडीत. मामांनी गाडी थांबवली, मी काही बोललो नव्हतो. उतरून कामावरच्या पोराला विचारलं, हा परत लावणार का? तो म्हणाला नवीन येतात ना काका, रेडियमवाले, हिरवे बोर्ड. ‘मग ह्याचं काय?’ ‘न्यायचाय का? न्या.’

मामा खरंच विचार करायला लागले. डिकी उघडून मापसुद्धा घेतलं त्यांनी हाताने. मी म्हटलं मामा, सरकारी मालमत्ता आहे, आणि शिवाय ऐंशी-नव्वद किलोचा असेल, शॉक-अॅब्सॉर्बर बसतील. बायको म्हणाली ठेवायचा कुठे, चाळीच्या गॅलरीत? मग त्यांनी त्या पोराकडून निदान एवढं कबूल करून घेतलं की दगड क्रशरला टाकायचा नाही, कडेला वडाखाली उभा करून ठेवायचा, आणि त्याला चहाला वीस रुपये दिले. पोराने आमच्यासमोर जेसीबीवाल्याला हाक मारली. बकेटने उचलून, दोन हेलकावे खात, दगड वडाखाली गेला, थोडा वाकडा उभा राहिला. मामांनी तो लाथेने सरळ करायचा प्रयत्न केला, हलला नाही.

पुढे कल्याणला दीड तास, शिळफाट्याला पाऊण. घरी पोचायला साडेदहा झाले. डिझेल आणि टोलचा हिशोब अजून झालेला नाही, मामा म्हणतात ड्रायव्हरकडून पैसे घेत नाहीत, आणि पुढच्या खेपेला कसारा घाट करू, तो रूट मला पाठ आहे.